बिडीच्या मापाने दोहा

लालसूभाऊला अंतर विचारा, तो किलोमीटर सांगत नाही, चालताना ओढून होतील तेवढ्या बिड्या सांगतो. पोंभुर्णा नऊ बिड्या, मधला नाला तीन. हसू नका! एकदा मोजणीवाले साखळी घेऊन आले, तर साखळी चुकली, लालसूची बिडी नाही. मी चौथी शिकलेला, तो शाळेच्या मागल्या दाराने पळालेला. पण जंगलात हिशेब त्याचाच.

त्याची पोरगी रीना दोहाला नर्स म्हणून गेली, तेव्हा मोबाईलमध्ये पाहून मी त्याला ऐटीत सांगितलं, "नागपूर ते दोहा अठ्ठावीसशे किलोमीटर. विमानाले चार तास."

"बिड्या किती?"

"विमानात बिडी ओढू देत नाई, भाऊ."

"मंग पोरीले वाट कशी समजन?"

गेल्या वैशाखात त्याची बायको, बुधरी, संध्याकाळी वारली. रीनाने तिकिटाचा फोटो पाठवला. दोहाहून दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं विमान. मी बोटं मोजली: आठ आणि चार, बारा, नागपूरहून गाडीने आणखी चार. "चारले पोरगी दारात उभी राहीन," मीच छाती ठोकून सांगितलं. सकाळी टॉवर गेला, फोन बंद पडले.

चार वाजले. पाच वाजले. सडक रिकामीच.

सोमाजी आमच्या गावचे भूमिया. पूजा असो की माती, शब्द त्यांचा. ते म्हणाले, "लालसू, दिवस बुडाल्यावर माती देत नाई. काऊन थांबून राह्यला?"

"पोरगी मायचं तोंड पाहीन. मंग."

"तुया बिडीच्या हिशेबानं का?"

"नाई. याच्या." त्याने माझ्याकडे बोट केलं.

मी मोबाईल काढून पाहिला. टॉवर अजून नव्हताच. विमानाचं काही बरंवाईट झालं असेल, हे माझ्या मनात होतं आणि त्याच्याही.

साडेपाचला लालसूच उठला. "उचला."

तिरडी निघाली. वाटेत मोहाखाली विसाव्याला टेकवली. खांदेकऱ्यांनी दम घ्यायचा, तोंडावरचं कापड सारून पाणी द्यायचं, निघायचं. पाच मिनिटांचं काम. पाणी देऊन लालसू तिथेच बसला. बिडी पेटवली.

"हे काय?" सोमाजी.

"इसावा."

"आटप लवकर."

"इसाव्याले किती बिड्या, हे आपल्या आज्या-पणज्यानं कुठी ठरवलं हाये? सांग."

सोमाजीही खाली बसले. "एक मले दे."

लालसूची पाचवी बिडी निम्मी झाली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. तेवढ्यात सडकेवर गाडी थांबली आणि रीना चप्पल सोडून धावत आली. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या मनगटावरचं घड्याळ मला दिसलं. चार वाजून दहा. माझ्या घड्याळात सहा चाळीस.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिकिटावरचे आठ दोहाचे होते. तिथलं घड्याळ आपल्यामागे अडीच तास चालतं! पोरगी चारलाच आली होती, तिच्या चारला.

"लालसूभाऊ, चूक माही होती. अडीच तासांची."

त्याने बिडी विझवली, उरलेला तुकडा कानामागे खोचला.

"बिड्या किती?"

मी मोजू लागलो.

"राहू दे," तो म्हणाला. "दिवस चालला. उचला."