कुमुदच्या बारशाला मी गेले तेव्हा

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. कुणाकडे काय शिजलं ते संध्याकाळच्या आत आळीभर होतं – माझ्याच कृपेनं. पण एक गोष्ट मी नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेही कधी मोठ्यानं म्हटली नाही. आज तुम्हाला सांगते. आजच का? माझी भाची कुमुद मॅट्रिक झाली, सकाळपासून पेढे वाटतेय, आणि आनंदानं जीभ जरा सैल सुटलीय म्हणा.

ही कुमुद म्हणजे दादाची मुलगी. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. चिखल्याच्या आमच्या घरी चिकू लगडायचे, भात पिकायचा, पण घर कसं गप्प असायचं. आणि मग ही आली – एवढीशी, लालबुंद, नाकावर कायम राग! मी डहाणूला सासरी होते. बातमी आली तेव्हा मी पीठ मळत होते, तशाच हातांनी शेजारणीला मिठी मारली. कुमुद हे नावही मीच ठरवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी ठरवलं होतं.

आता आत्याचा मान तुम्हाला ठाऊकच आहे. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालणार. ते बुक्के मला हवे होते! मी नसले तर ते धाकट्या बहिणीला, शांतेला मिळाले असते, आणि शांता तर ‘सुलोचना’ म्हणून अडून बसली होती. सुलोचना – सांगा, त्या नकट्या पोरीला शोभलं असतं?

बारशाच्या सकाळी न्हाताना पाठीवर काहीतरी हाताला लागलं. घामोळं असेल – नाही? पोटावर पाहिलं. पाण्यानं भरलेले फोड, टपोरे. शेजारच्या पोराला तेच उठले होते, त्यांच्या दाराला कडुनिंबाचा टाळा लावला होता. कांजिण्या. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं. अशा अंगानं कुणाच्या घरी जात नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच – हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तोंड स्वच्छ होतं. मी आरशात पुन्हा पुन्हा पाहिलं. मग लांब बाह्यांचं पोलकं घातलं, अबोलीचा गजरा माळला आणि टांग्यात बसले.

काय बारसं झालं म्हणून सांगू! घुगऱ्या, पाळण्याची गाणी, दादा तर उगाचच आतबाहेर करत होता. मी पाळण्यावर वाकले, त्या इवल्या कानाला ओठ लावले, म्हटलं – कुमुद. आणि पाठीत बुक्के बसले, नेमके फोडांवर! डोळ्यांतून पाणी आलं. बायका म्हणाल्या, बघा, आत्याला किती आनंद झालाय. झालाच होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्याइतकं सुखी माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडावर उठल्या. माहेरी निरोप धाडला – जरा ताप आहे. मी बरी होऊन चिखल्याला गेले, तोवर तिकडे वहिनीला आणि बाळाला एकदमच उठल्या होत्या. वहिनीचं निभावलं. कुमुदचं मात्र – दूध ओढेना, रडायलाही आवाज नाही, नुसतं पोट आतबाहेर. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या छातीत उतरल्यात, इतक्या कोवळ्या जिवाचा भरवसा देता येत नाही. दादा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

बाळाला न्हाऊमाखू घालायला सुकरी यायची, पाड्यावरची. निम्म्या चिखल्याची पोरं तिच्या पायांवर न्हालेली. आईनं तिला विचारलं, तुमच्याकडे कुणाला उठल्यात का? ती भाबडेपणानं हो म्हणाली. झालं. आईनं तिला त्याच पावली परत पाठवलं, आणि मग गावातल्या कुणीच तिला बोलावलं नाही. मी तिथेच होते. हातात बाळाची दुपटी होती. मी ती नीट घडी करत राहिले.

कुमुद जगली! एका सकाळी तिनं भोकाड पसरलं आणि आमचं सगळं घर हसत सुटलं. तेव्हा बोलायचं होतं का? सगळे इतके खूश होते. मीही होते, आजही आहे – ती अंगणातून नुसती चालत आली तरी माझा जीव सुपाएवढा होतो.

गेल्या आठवड्यात तिला घेऊन डहाणूच्या बाजारात गेले होते. सुकरी शेवळाच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसलेली. मी म्हटलं, ही कुमुद. ती ताडकन उठली, तोंडभर हसली. पोरीच्या गालाकडे हात नेला – आणि मागे घेतला.

“नको. माज्याच हातानं लागलं व्हतं तुला,” ती म्हणाली. “तवापासून न्हान्या पोराला हात नाय लावत मी. नातवाला पन नाय घेतला.”

आणि हसतच होती हो, कुमुद जगली म्हणून.

“आत्या, काय म्हणतायत या?” कुमुदनं विचारलं.

“काही नाही गं. तुला न्हाऊ घालायच्या लहानपणी.” मी दोन जुड्या घेतल्या आणि आम्ही निघालो.

कांजिण्या सुकरीनं आणल्या नव्हत्या. मी नेल्या होत्या, माहीत असून नेल्या होत्या. हे मी आज तुम्हाला सांगितलं. तिला नाही सांगितलं.