सॉकेटवरचं कुंकू

दादाच्या कॉम्प्युटरचा मला राग आहे. पंचावन्नी ओलांडल्यावरही हे लिहितो आहे, म्हणजे राग किती टिकाऊ असेल ते बघा. कॉम्प्युटर तरी कसला, पुस्तकाएवढी काळी पेटी, वर रबरी बटणं, टीव्हीला जोडायची. बाबा इथे जबलपुरात संरक्षण कारखान्यात होते. दादा शाळेत पहिला आला तेव्हा त्यांनी ती कुठूनशी मागवली. मी पहिला वगैरे कधी आलो नाही. मला दादाचा जुना कंपास मिळाला.

दादा शिकला आणि कॅनडात गेला. मी बाबांच्याच कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीला लागलो आणि आईजवळ राहिलो. पेटीही राहिली, बंद पडून. पण दर खंडेनवमीला, घरातल्या हत्यारांची पूजा असते तेव्हा, आई तिला कपाटातून काढते आणि पाटावर मधोमध मांडते. विळी, बाबांचे पाने, स्कूटरची किल्ली, सगळे कडेला. एका वर्षी मी मुद्दाम माझा वीज मोजायचा मल्टिमीटर पाटावर ठेवला. आईने तो उचलून खिडकीत ठेवला.

"तो तर रोज चालून राहिला ना रे. त्याला काहून पूजा पाहिजे?"

पूजा वापरातल्याच हत्यारांची असते, असं मी सांगून पाहिलं. "अच्छा, आता तू मला शिकव," म्हणाली, आणि पेटीवर झेंडू वाहिला.

यंदा नवरात्रात दादाचा व्हिडिओ कॉल आला. माझा कॉम्प्युटर खंडेनवमीला चालू झालेला पाहायचाय, म्हणाला. मग मला, "काही नसेल रे, पॉवर सप्लाय चेक कर. बेसिक गोष्ट आहे." जन्मभर मी दुसरं काय केलं होतं? आई मात्र त्या क्षणापासून मागे लागली. मी पेटी उघडायला घेतली ती मनात एकच धरून, की ही कायमची मेलेली असू दे. म्हणजे पाटावर जागा होईल.

आधी अ‍ॅडॅप्टर तपासला. मीटर लावला तर व्होल्टेज पूर्ण, उलट थोडा जास्तच. पण मीटर वीज खात नाही, नुसता वास घेतो. स्वयंपाक पुरतो की नाही ते पंगत बसल्यावरच कळतं. म्हणून स्कूटरचा जुना बल्ब जोडून लोड दिला, आणि व्होल्टेज धपकन खाली. बल्ब नुसता मिणमिणला. दादाही असाच आहे, फोनवर पूर्ण भरतो. आईचा मोतीबिंदू, आईचा खोकला, आईचा रुसवा, हा लोड त्याच्यावर कधी पडलाच नाही. हा विचार सुचला तेव्हा मला फार बरं वाटलं.

अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर सुकला होता. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून नवा आणून टाकला, बल्ब झकास पेटला. पेटी मात्र ढिम्म. वीज अ‍ॅडॅप्टरमधून निघत होती आणि आतल्या बोर्डावर पोचत नव्हती. मध्ये उरलं फक्त सॉकेट, जिथे अ‍ॅडॅप्टरची पिन आत जाते ते भोक. टॉर्च मारून पाहिलं. आत लाल-पिवळा थर, त्याखाली हिरवा गंज. नाकाशी नेलं तर हळदीचा वास.

मग लक्षात आलं. आई कुंकवाचं बोट नेहमी तिथेच टेकवते. वीज इथून आत जाते असं बाबांनी तिला कधीतरी सांगितलं होतं, त्यामुळे तिच्या लेखी पेटीचा प्राण तिथे. कालवलेलं ओलं हळदकुंकू, दरवर्षी, त्याच भोकात. कपॅसिटर आपल्या मरणाने गेला असेल, पण उरलासुरला जीव घेतला तो पूजेने. मी एकटाच मोठ्याने हसलो.

हसून झाल्यावर सॉकेट घासायला बसलो. बिघाड सापडला की माझे हात थांबत नाहीत, त्याला इलाज नाही. स्पिरिट, जुना ब्रश, बारीक पॉलिश पेपर. पिन घातली, माळ्यावरचा जुना टीव्ही जोडला, आणि पांढऱ्या पडद्यावर खाली अक्षरांची एक ओळ आली. आईला हाक मारली. तिने पाहिलं आणि लगेच मला फोन लावायला लावला.

"बेटा, तुझा कॉम्प्युटर चालू झाला! तू तिथून बरोबर सांगितलं, पॉवर सप्लाय!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" दादा म्हणाला.

आईची पूजाच याला नडली होती, हे तिथल्या तिथे सांगायला जीभ शिवशिवली. पण मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यात डाव होता. खंडेनवमी तोंडावर आली होती. लावू दे तिला कुंकू, पुन्हा गंजू दे. या वेळी मी हात लावणार नव्हतो.

खंडेनवमीला पेटी मधोमध, मीटर खिडकीत. फोन तांब्याला टेकवलेला, त्यात दादा. आईचं ओलं बोट सॉकेटकडे निघालं, आणि माझा डावा अंगठा आपोआप त्या भोकावर जाऊन बसला. दादासाठी नाही, देवाशपथ. ते सॉकेट मी घासलं होतं.

"हात काढ ना रे."

"नाही काढत."

"काहून?"

"आत गंज चढते. तुझ्या कुंकवानेच बंद पडला होता हा."

बोललो, तेही दादाच्या देखत. आईचं बोट हवेत थांबलं. ती पेटीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता रडते.

"मग आता हे कुंकू कुठे लावू?" ती म्हणाली. "घेतलेलं बोट तसंच परत नेत नाहीत."

आणि तिने ते माझ्या अंगठ्यावर लावलं. मग हळद लावली, अक्षता टाकल्या. हात हलवू नको, म्हणाली, आणि वर झेंडू ठेवला.

"आई, काही दिसून नाही राहिलं," फोनमधून दादा म्हणाला. "त्याचा हात मध्ये येतोय."

"येऊ दे," आई म्हणाली.

मीटर खिडकीतच राहिला. अंगठा डावा होता, त्यामुळे जेवायला बसतानाही मी तो धुतला नाही.