पावणेचारची ओहोटी

आमच्या बैठकीच्या खोलीतला सोफा एकदा समुद्रात जाऊन आला आहे. नवे पाहुणे त्यावर बसले की जरा वेळाने हाताचा तळवा बघतात आणि विचारतात, "इथे वाळू कशी हो आली?" मग बायको माझ्याकडे बघते आणि मी चहाचं कुठवर आलं ते बघायला आत जातो.

मी म्हसळ्याला एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. बावीस वर्षं शिकवतोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते माझ्याविरुद्ध वापरलं जाणार आहे.

आमची सायली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला पुण्याला जाऊन व्हिडिओ संकलनाचा कोर्स करायचा होता. हा कोर्स म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याला बाप आधी नाही म्हणतो. (माहिती नंतर काढतो.) घरात आठवडाभर कोणी कोणाशी धड बोलेना, तेव्हा मीच तोडगा काढला. कॉलेजात त्यांच्या गटाला एका गाण्याचा व्हिडिओ करून द्यायचा होता आणि दिग्दर्शन सायलीकडे होतं. मी म्हटलं, "हे एक काम नीट, वेळेत पुरं करून दाखव. केलंस तर पुणे. नाही तर इथे राहून बी.एड."

"चालेल. पण तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"मी कशाला पडतोय!"

त्यांची तयारी बघून मात्र मी गार झालो. आमच्या वेळी गॅदरिंगचं नाटक बसवायला एक वही आणि चार भांडणं पुरायची. इथे सगळं मोबाइलवर! प्रत्येक दृश्याचं चित्र सायलीने स्क्रीनवर बोटाने काढलेलं. तिचा वर्गमित्र अफ्रोज, त्याने लॅपटॉपवर चाल बांधली होती. त्यात दिघीच्या फेरीबोटीचा भोंगा आणि आमच्या विळीवर नारळ खवल्याचा आवाज चक्क तालात बसवलेला. गाणं होतं वाट बघणाऱ्या मुलीचं. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर एकच सोफा, त्यावर त्यांची मैत्रीण ऋतुजा गात बसलेली, आसपास चिटपाखरू नाही, आणि हे सगळं वरून ड्रोनने टिपायचं.

"छान आहे," मी म्हटलं. "पण सोफा कोणाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सोफा बायकोच्या मुंबईच्या भावाने दिलेला. तीन वर्षं झाली, वरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. आम्ही त्यावर बसलो की चरचर आवाज यायचा आणि उन्हाळ्यात उठताना पाय सोलून निघायचे. "न्या," बायको म्हणाली, "पण प्लास्टिक काढायचं नाही."

"आई, ते कॅमेऱ्यात चमकतं गं!"

"चमकू दे. दादाने दिलाय."

सोफा माझा म्हणून मलाही त्यांच्या तक्त्यात घेतलं. तक्ता म्हणजे मोबाइलवरच उघडणारा. दृश्य, जागा, वेळ, सामान असे रकाने, आणि कोणीही कुठूनही त्यात बदल करावा. इथे खरी चूक झाली. ज्याचा जन्म वह्या तपासण्यात गेला, त्याच्या हातात दुसऱ्याचा तक्ता देऊ नये.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी तो उघडला. रविवार, ओहोटी सकाळी नऊ चाळीस, असं कुठल्याशा अॅपवर बघून लिहिलेलं. मला हसू आलं. आमच्या किनाऱ्यावर पाण्याची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की झालं! रविवारी पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. मी नऊ चाळीस खोडून दुपारचे पावणेचार लिहिले, शूटिंगची वेळ दोन ते पाच केली आणि शेजारी लाल अक्षरांत शेरा मारला, 'अॅपवर विसंबू नये. तिथी पाहावी.'

सकाळी सहाला उठायचं टळलं म्हणून दहा मुलांनी ताबडतोब अंगठे पाठवले. संध्याकाळी एकट्या सायलीने विचारलं, "बाबा, नक्की ना?"

"अगं, अॅपला आपला समुद्र काय माहीत? मी इथे जन्मलोय."

"सोमवारी अकराच्या आत व्हिडिओ जमा करायचाय. ड्रोनवाला फक्त उद्याच येतोय. उद्या चुकलं तर संपलं."

"सायली, मी भूगोल शिकवतो."

मग तिने गटावर लिहिलं, 'बाबा म्हणतायत म्हणजे बरोबरच असणार.' मला इतकं बरं वाटलं, की ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

दिघीच्या अलीकडे एक लांबच लांब वाळूची पुळण आहे. रविवारी दीड वाजता टेम्पोतून सोफा, स्पीकर, मुलं, बायको आणि घावन्यांचा डबा असे आम्ही तिथे उतरलो. आगरदांड्याहून फेरीबोटीने येणाऱ्या ड्रोनवाल्याला आणायला टेम्पो लगेच दिघीला गेला. वाळू अर्धीच उघडी होती.

"बघा," मी मुलांना सांगितलं, "पाणी उतरायला लागलंय. सोफा अगदी पाण्याला लावून ठेवा. तासाभरात चारी बाजूंनी ओली वाळू मिळेल."

मुलांनी ठेवला. तेवढ्यात वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचून परत चाललेली हिराबाई टोपली घेऊन तिथे आली. आमच्याकडे मासळी तीच घालते.

"मास्तर, पानी चढतंय हां."

"उतरतंय, हिराबाई. लाटा जरा मोठ्या आहेत एवढंच."

"मंग मी घरी कशाला चालले? मज्जा म्हनून?"

तिने टोपली खाली ठेवली आणि आरामात वाळूवर बसली. बघायला!

अडीचला पाणी सोफ्याच्या पायांना लागलं. "ही शेवटची लाट," मी म्हटलं. हे मी एकूण सहा वेळा म्हटलं. दोन मुलं सोफा मागे ओढायला निघाली, त्यांना मीच ओरडलो, "हलवू नका! चौकट बिघडेल!"

"काका, अॅप बघू का एकदा?" अफ्रोजने विचारलं.

"बघ की."

"रेंज नाय इथं."

"मग झालं तर!"

तीनला ड्रोनवाला आला तेव्हा ऋतुजा सोफ्यावर मांडी घालून बसली होती, कारण पाय खाली सोडायला जागा नव्हती. आता सहा जणांनी मिळून सोफा ओढून पाहिला. पाय वाळूत रुतलेले, ढिम्म हलेना. मग एक चांगली जाड लाट आली आणि सोफा आपणहून हलला. नुसता हलला नाही, उचलला गेला! आतला फोम, खालचं प्लायवूड आणि वरचं तीन वर्षांचं प्लास्टिक यांनी एकमताने तरंगायचं ठरवलं.

"काका!" ऋतुजा म्हणाली, "हा चाललाय!"

"अहो, सोफा! सोफा धरा!" बायको किनाऱ्यावरून ओरडली. (वर एक मुलगी बसली आहे, हे तिच्या जरा नंतर लक्षात आलं.)

मी शर्ट काढला आणि बनियनवर पाण्यात घुसलो. पाणी कमरेएवढं. सोफ्याला हात घातला की प्लास्टिकवरून सुळकन सुटायचा. एकदा धरून ओढला, तर लाटेने आम्हा तिघांना, म्हणजे मी, ऋतुजा आणि सोफा यांना, गोल फिरवून पुन्हा होतो तिथेच आणलं. तेव्हा मला किनाऱ्यावर सायली दिसली. हातात मोबाइल, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पोरगी काही सोफ्यासाठी रडत नव्हती. तिचं पुणे वाहून चाललं होतं, आणि वाहवणारा मी होतो.

"मास्तर," हिराबाईने बसल्या जागेवरून विचारलं, "हिशोब कसला केलात?"

"तिथीची पाऊणपट!"

"ती भरतीची वो! ओहटीची न्हाय!"

गणित बरोबर होतं. पाचाची पाऊणपट पावणेचारच होते, कोणालाही विचारा. फक्त समुद्र उलटा निघाला.

मी सायलीला काही म्हणणार, तेवढ्यात तिने ओढणीने नाक पुसलं आणि एकदम ओरडली, "ऋतू, उठू नकोस! गात राहा! अफ्रोज, गाणं पहिल्यापासून लाव! दादा, ड्रोन वर घ्या!"

"सायली, आधी माणसं पाठव!"

"बाबा, कॅमेऱ्याकडे बघू नका!"

"अगं पण सोफा..."

"अजून थोडा आत ढकला!"

मी ढकलला. दुसरं काय करणार? गाणं तीनदा पुरं झालं आणि तिन्ही वेळा मी तो आधी ढकलला, मग ओढला. ऋतुजाला काही होऊ नये म्हणून चौकटीबाहेर चार पोहणारी मुलं पाण्यात उभी होती. माझ्यासाठी कोणी नव्हतं. पावणेचारला पाणी गच्च भरलं, अगदी माझ्या हिशेबाप्रमाणे, आणि त्यानंतर कुठे सोफा बाहेर आला. बायकोने तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. मी तो क्षण तिच्या दादाला कळवलेला नाही.

सोमवारी दहा पन्नासला व्हिडिओ जमा झाला. मी तो सायलीच्या लॅपटॉपवर पाहिला. वरून दिसणारं अथांग पाणी, मधोमध लाल सोफा, त्यावर शांतपणे गाणारी मुलगी. आणि एक टकला माणूस तिला किनाऱ्याकडे ओढतोय, ओढतोय, आणि ती काही येत नाही. सायलीने तो असा कापला आणि जोडला होता, की मला हसू येण्याआधी भरून आलं. हे सगळं त्याच फजितीतून काढलंय, हे मला माहीत असूनही. संकलन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी आपणहून म्हटलं, "पुण्याचा फॉर्म आण."

फॉर्मबरोबर हाच व्हिडिओ पाठवायचा होता. फॉर्मात एक प्रश्न होता, 'हे काम करताना आलेली सर्वांत मोठी अडचण कोणती?' उत्तरासाठी दहा ओळी सोडलेल्या. सायलीने एकच शब्द लिहिला होता, 'बाबा.'

खाली पालकाने लिहून द्यायचं होतं, की वरील माहिती खरी आहे. मी ती दोनदा वाचली आणि सही केली.