एसेनकुलने काढलेलं रडणं

एसेनकुलला एका जागी बसवत नसे. नारिन या डोंगरी गावातल्या आमच्या लहानशा साप्ताहिकात तो दर अंकाला एक व्यंगचित्र द्यायचा. मी पानं लावायचे. चित्र देऊन झालं तरी खिडकी ते दार येरझारा चालूच. लग्नाच्या पंगतीतही कुणी चांगला मटणाचा तुकडा हळूच पिशवीत सारला, एवढंच टिपत राहायचा.

एकदा त्याने तिघेजण काढले. "तुम्ही बसा, तुम्ही बसा" म्हणत एकमेकांना मानाच्या जागेकडे ढकलताहेत आणि तिघांचाही एकेक पाय आधीच गादीवर. अंक निघाला त्या सकाळी बस आगाराचे साहेब तणतणत आले. "माझंच नाक काढलंय!" दुपारी मुख्याध्यापक. "ही टोपी माझी!" एसेनकुल त्या दोघांबरोबर कधी जेवलाही नव्हता.

"मग कुणाला बघून काढलंत, बायके?" मी विचारलं. मोठ्या भावाला म्हणावं तसं मी त्याला बायके म्हणे.

"सगळ्यांना," तो हसला.

त्या वसंतात त्याची आई गेली. लोकरीच्या जाड नमद्याच्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या, बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते. नवा पाहुणा दिसला की आवाज चढायचा.

दोन आठवड्यांनी चित्र आलं. शोक गाणारी बाई. एका डोळ्यातून धारा, दुसरा मागे सुनेवर. "चहाचा सामोवार बघ गं, पाणी आटेल!" मी खळखळून हसले. बाजारात तर जो तो म्हणे, ही माझीच सासू.

पण चित्रातली ती बाई त्याची मोठी बहीण होती, बुर्मा. तिने ना निरोप पाठवला ना भांडण काढलं. आठ दिवस एसेनकुलला चैन पडेना. शेवटी म्हणाला, "तू चल बरोबर. एकट्याला ती दारातूनच हाकलेल."

बुर्मा पीठ लाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"एजे, ताई..." एसेनकुल म्हणाला.

"चित्र बरोबर आहे," ती म्हणाली. "पाणी आटतच होतं. शंभर माणसं चहाला. आईसाठी रडायचं की चहाचं बघायचं? मी दोन्ही केलं, आणि दोन्ही खरं होतं." लाटणं थांबलं. "तू कुठे होतास रे?"

"बाहेर. काठी धरून."

"रडत?"

तो मग म्हणाला, "बघत होतो."

"मग ते काढ की!"

त्याने काढलं. काठ्यांवर वाकलेल्या पुरुषांची रांग. त्यात एक, तोंड आ वासलेलं, डोळे कोरडे, कोपराखालून बघणारे. नाक त्याचंच, टक्कलही त्याचंच. "स्वतःचीच अब्रू काढतोस?" संपादक म्हणाले, पण छापलं. या वेळी फारसं कुणी हसलं नाही. रस्त्यात लोक त्याला थांबवून हळू आवाजात सांगायचे, "बापाच्या वेळी मीही असाच उभा होतो." त्याची तगमग आणखी वाढली.

आईच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला बुर्माने त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. "लाकडं फोड. इकडेतिकडे बघायचं नाही."

दुपारपर्यंत तो फोडत होता. हाताला फोड आले. मी चुलीसाठी ढलप्या नेत होते, तेवढ्यात घाव थांबले. तो ओंडक्यावर बसला होता. मला वाटलं, लागलं.

"आई," तो म्हणाला. सूर नव्हता, समोर पाहुणाही नव्हता. मग त्याला रडू आवरेना. बुर्मा येऊन शेजारी बसली. त्याला गप्प कर असं तिला कुणी सांगितलं, तर तिने हातानेच नको म्हटलं.

पुढच्या अंकाला त्याने चित्र दिलं नाही. त्यानंतरच्या अंकाला दिलं: औषधाच्या दुकानातली रांग, आणि प्रत्येकजण कोपराने वाट काढत म्हणतोय, "मला फक्त एक विचारायचंय."