साखर खाल्ल्यावर आलेला व्हॅल्युअर

जळकोटच्या स्टँडवर अप्पा आधी कंडक्टरकडे गेले. "पोरगी एकटी हाय, तेवढं ध्यान ठेवा," असं त्यांनी त्याला दोनदा बजावलं. पोरगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या पर्समध्ये नांदेडच्या लॅबमधल्या नोकरीचं पत्र होतं. मला रागही आला आणि रडूही. गाडी हलली तेव्हा अप्पा पाठ फिरवून दुकानाकडे निघालेसुद्धा होते, गिऱ्हाईक खोळंबलं असेल म्हणून.

जळकोटात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून बाहेर पडलेल्यांनो, तुमच्या कानावर आलंच असेल की अप्पांच्या पोरीनं नांदेडात घर घेताना दिलेला शब्द मोडला. हो, मोडला. कसा तेही ऐका.

बारा वर्षं मी भाड्यानं राहिले. प्रत्येक घरमालकानं "एकट्याच का?" असं विचारलं. शेवटी एका निवृत्त काकांचं घर आवडलं. खाली दोन खोल्या, वर एक मोठी, उजेडाची. भाव अप्पांनी ठरवला. इसाराचे पैसे हातावर ठेवायचे, दोघांनी चिमूटभर साखर तोंडात टाकायची, की सौदा पक्का. मग मागे फिरायचं नाही. अप्पांनी किराणा दुकानात जन्मभर असेच व्यवहार केले. आमची चूक एवढीच, की साखर आधी खाल्ली आणि बँकेचा व्हॅल्युअर नंतर आला.

तो अर्धा तास होता. टेप लावला, फोटो काढले, मंजूर नकाशा मागितला. वरची खोली नकाशात नव्हतीच. मला वाटायचं, व्हॅल्युएशन म्हणजे बँकेचा एक शिक्का. तसं नसतं. विकणारा काहीही सांगो, या घराला आज बाजारात किती भाव येईल ते हा माणूस बँकेला कळवतो, आणि सौद्याचा भाव नि त्याचा आकडा यांतला जो कमी, त्यावर कर्ज ठरतं. परवानगी नसलेल्या खोलीचं मोल त्यानं शून्य धरलं, आणि कर्ज तेवढं कमी बसलं. मी जिच्यावर भाळले होते तीच ती खोली.

अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "शब्द गेला म्हंजी समदं गेलं, माय. कमी पडंल ते मी बघतो. दुकान काढून टाकू."

माझं डोकंच फिरलं. ज्या दुकानावर माझं शिक्षण झालं, ते एका बेकायदा खोलीपायी विकायचं? दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन मी एकटीच काकांकडे गेले.

"तुमच्या अप्पांनी माझ्यासमोर साखर खाल्ली हाय," काका म्हणाले. "अन् बाईमाणसासंग काय बोलावं? पुरुष माणूस पाठवा."

"घर माझ्या नावावर होणार हाय, तवा बोलणार मीच," मी म्हणाले. शहरात घासूनपुसून घेतलेली माझी भाषा कुठल्या कुठे पळाली. "साखर घराची खाल्ली, नकाशात नसलेल्या खोलीची न्हाई. परवानगी आणा, न्हाई तर भाव उतरवा. इसार बुडवायचा तर खुशाल बुडवा."

आठ दिवस काकांचा फोन नाही. नवव्या दिवशी आला. मधल्या काळात त्यांनी शोधलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बँकेनंही तेच सांगितलं होतं. काकांनी भाव उतरवला.

अप्पा मात्र चिडले. "हे काय करायलीस, माय? लोकांला काय तोंड दावू?" खरेदीखताला ते आले नाहीत, वास्तुशांतीलाही नाहीत. त्या दिवशी पाहुण्यांना पोळी वाढताना मला रडू आवरलं नाही, आणि ते मी लपवतही नाही.

ज्यांना नावं ठेवायची ते ठेवोत. माझ्यावर राग धरून का होईना, अप्पा रोज सकाळी दुकान उघडतात. मला विचाराल तर माझं घर नांदेडच्या या दारापासून जळकोटच्या त्या दुकानापर्यंत आहे, आणि त्यातलं काहीही मी विकू दिलेलं नाही.