न मरणारा धनुर्धर

आमचे हे दातांच्या कवळ्या बनवायचे. अर्धं गाव यांच्या हातच्या दातांनी जेवतं, आणि स्वतःचे दात मात्र हे माझ्यावर दातओठ खायलाच वापरतात! हात थरथरायला लागले तेव्हा काम सोडावं लागलं. पण मदत? नाव काढायचं नाही. मी चपलेचा पट्टा लावून द्यायला वाकले की हे म्हणायचे, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

उरला एक कॉम्प्युटरवरचा गेम. एकट्यानं खेळायचा, गोष्टीसारखा. एक धनुर्धर लढाईवरून घरी परत निघालेला असतो आणि वाटेत जागोजागी शत्रू. हात पार जायच्या आत तो घरी पोचलेला बघायचा, एवढीच यांची इच्छा. पण बोट भलतीकडेच पडायचं, धनुर्धर मरायचा, की पुन्हा मागून सुरुवात. मला बघवत नसे.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिनं यांना ट्रेनर बसवून दिला. ट्रेनर म्हणजे गेमसोबत चालवायचं एक छोटं सॉफ्टवेअर. ते चालू असलं की आपला गडी कितीही मार खाल्ला तरी मरत नाही.

"ही लबाडी आहे," हे म्हणाले.

"कुणाशी हो?" मी म्हटलं. "समोर आहे कोण? त्या डब्याला काय वाईट वाटणार आहे?"

दोन दिवस फुगून बसले, मग गुपचूप चालू केलं. गडी सुसाट निघाला. हे चहा घेताना शीळ घालायला लागले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि एका पुलावर सगळं अडलं. समोर शत्रूचा सेनापती. तो मारतोय, हा मरत नाही. हा मारतोय, तो हलत नाही. अख्खी दुपार गेली. शेवटी यांनी लेकीला फोन लावला, तर ती हसतच सुटली.

"बाबा, तिथे हरायचंच असतं! तो नदीत पडतो, तिथून गोष्ट पुढे जाते. ट्रेनर चालू असल्यावर मरणार कसा?"

यांचं तोंड एवढंसं झालं. "आता मुद्दाम मार खाऊ?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, पडू द्या की त्याला! काही बिघडत नाही पडलं म्हणून!"

यांनी ट्रेनर बंद केला. दोनच वारांत धनुर्धर कोसळला, नदीतून वाहत गेला. खाली एका कोळिणीनं त्याला ओढून काठावर घेतलं.

"ट्रेनर आता नको," हे म्हणाले. मला वाटलं, झालं, सोडला नाद. तर शेजारची खुर्ची ओढली. "तू बस इथे. तू खेळ, मी सांगतो."

मी? मला साधा फोन धड लावता येत नाही! पण बसले.

"डावीकडे."

मी गेले उजवीकडे. ओरडतील म्हणून मान खाली घातली, तर माझ्या हातावर यांचा हात आला, थरथरणारा, आणि तिथेच राहिला. मला रडू फुटलं, आणि धनुर्धर जाऊन झाडावर आपटला.