कंपनीची सावली

आमच्याकडे अग्नी दिल्यावर स्मशानातच शोकसभा होते. गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ गेला. धुळ्याच्या रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात तो टाकी साफ करायला उतरला होता. आत विषारी वायू होता आणि तोंडाला मास्क नव्हता. कंपनी म्हणाली, हार्ट अटॅक.

आम्ही बसलो होतो ती पत्र्याची शेड, बाकडी, चितेचा लोखंडी सांगाडासुद्धा कंपनीचीच देणगी. खांबाखांबावर तिचं नाव. गावात कुठलाही कार्यक्रम असो, देणगीदाराचे आभार मानायचेच, ही आमची जुनी खोड. बोलायला उभ्या राहिलेल्या, गावातल्या वडीलधाऱ्या आबांनी इथंही ते मानले, "बठ्ठासले सावली भेटनी, ही कंपनीनी कृपा शे." सगळ्यांना सावली मिळाली ती कंपनीच्या कृपेने, हे लोकांनाही पटलं; त्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकड्यावर बसलेल्या कंपनीच्या साहेबाने नम्रपणे हात जोडले.

मला किळस आली. मास्क द्यायला यांचा हात आखडतो आणि स्मशानात नाव रंगवायला सैल सुटतो. वर आम्ही यांना दानशूर म्हणायचं!

निघताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काही लागलं तर सांगा."

मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, "साहेब, आम्हाला जे लागणार होतं, ते तुम्ही आधीच बांधून ठेवलंय."